थेंब पडतो तेव्हा

मंडळी, आषाढातली एखादी काळीकुट्ट रात्र डोळ्यांसमोर आणा. बाहेर पाऊस कोसळतो आहे, हाताला हात दिसत नाही. एवढ्यात वीज लखलखते आणि पापणी लवायच्या आत सारे अंगण उजळून निघते. त्या उजेडात काय दिसते? वाऱ्याने झोडपली जाणारी केळ वाकल्या जागी थिजल्यासारखी दिसते. रस्त्याने पळणारी बैलगाडी जागच्या जागी उभी दिसते. तिच्या चाकाचा आरा न् आरा मोजून घ्यावा. वळचणीच्या पागोळ्या एरवी अखंड धारेसारख्या दिसतात, पण विजेच्या उजेडात त्याच पागोळ्या सुट्या थेंबांच्या माळा होऊन हवेत टांगल्यासारख्या दिसतात. मग पुन्हा अंधार.

वीज चमकली म्हणून काही गाडी थांबली नव्हती, की थेंब पडायचे राहिले नव्हते. उजेड आला आणि गेला. तेवढ्या अवधीत चाकाला फिरायला आणि थेंबाला खाली सरकायला वेळच मिळाला नाही, एवढेच. गोष्ट अगदी साधी आहे. पण हीच साधी गोष्ट हाताशी धरून माणसाने डोळ्याला कधीच न दिसणारे एक जग पाहून घेतले. त्या पाहण्याचा इतिहास आज आपण समजावून घेऊ, आणि तोही दुधाच्या एका थेंबाच्या निमित्ताने.

दुधाचा थेंब कशाला, असे आपण विचाराल. थेंब पडणे ही जगातली सर्वांत सामान्य घटना. धार काढताना, ताक घुसळताना, विहिरीतून घागर वर ओढताना ती आपण रोज पाहतो. पाहतो म्हणजे काय, तर थेंब पडला, ‘टप्’ असा आवाज झाला, चार शिंतोडे उडाले. मध्ये काय झाले ते कोणी सांगावे? आपल्या डोळ्यावर उमटलेले चित्र सुमारे एक-दशांश सेकंद रेंगाळते. त्याहून झटपट होणाऱ्या घटना एकमेकींवर पडून त्यांचा काला होतो. थेंब पडून शिंतोडे उडण्याचा खेळ जवळजवळ तेवढ्याच वेळात आटोपतो. नाटक सुरू होऊन संपते, आणि आपल्याला फक्त पडदा हललेला दिसतो.

अशी घटना पकडायची तर दोन मार्ग आहेत. एक दाराचा आणि दुसरा दिव्याचा. खोलीत भरपूर उजेड ठेवायचा आणि कॅमेऱ्याचे दार, म्हणजे शटर, फार थोडा वेळ उघडायचे, हा दाराचा मार्ग. १८७८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे मायब्रिज यांनी दौडत्या घोड्याची प्रसिद्ध छायाचित्रे घेतली, ती याच मार्गाने. रांगेने कॅमेरे मांडून, घोडा समोरून जाईल तसतशी त्यांची दारे झटपट उघडमीट केली. दौडताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून उचललेले असतात, हे त्या चित्रांनी सिद्ध केले.

पण घोड्याचे पाऊल मोठे असते. थेंबाची गोष्ट निराळी. हिशेब करून पाहा. साधारण ४० सेंटिमीटर, म्हणजे हातभर उंचीवरून पडलेला थेंब खाली पोहोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला २.८ मीटर असतो. कॅमेऱ्याचे दार एक-सहस्रांश सेकंद उघडे राहिले, तरी तेवढ्यात थेंब जवळजवळ तीन मिलीमीटर सरकतो. थेंब स्वतःच चार-पाच मिलीमीटरचा! चित्र पुसटच यायचे. लाकडाचे किंवा पितळेचे दार याहून फार झटपट हलवता येत नाही. म्हणून दुसरा मार्ग धरावा लागला. खोलीत पूर्ण अंधार करायचा, कॅमेऱ्याचे दार खुशाल उघडे ठेवायचे आणि उजेडच क्षणभर पाडायचा. आकाशातली वीज खोलीत आणायची म्हणा ना.

ही वीज खोलीत आणली इंग्लंडातील विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी. छायाचित्रण-कलेच्या जनकांपैकी ते एक. १८५१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी एका चक्रावर ‘टाइम्स’ वृत्तपत्राचा छापील कागद चिकटवला आणि ते चक्र गरगर फिरवले. लेडन जार नावाच्या काचेच्या बरण्यांत स्थिरविद्युत साठवलेली होती. ती एकदम मोकळी करून ठिणगी पाडली. फिरत्या कागदाचे छायाचित्र आले, आणि त्यावरची अक्षरे वाचता आली. चक्र फिरत होते, पण उजेडाला ते उभेच दिसले.

एवढे झाल्यावरही थेंबाकडे कोणी वळायला वीस-पंचवीस वर्षे लागली. आणि वळला तो एक शिक्षक. गुरुजींनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. आर्थर मेसन वर्दिंग्टन त्यांचे नाव. जन्म १८५२ चा. क्लिफ्टन येथील शाळेत त्यांनी शिकवले, आणि पुढे डेव्हनपोर्टच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. काजळी धरलेल्या काचेवर शाईचे थेंब पडले, की तेथे मोठी नक्षीदार चिन्हे उमटतात. एका शाळकरी मुलाच्या नजरेस आलेल्या अशाच डागांवरून ते या विषयाकडे वळले. साल होते १८७५. शाईचे डाग कोणत्या शाळेत पडत नाहीत? बहुतेक ठिकाणी त्याबद्दल छडी मिळते. येथे त्यातून तीस वर्षे पुरेल एवढे संशोधन निघाले.

त्यांच्या यंत्राची रचना ऐकण्यासारखी आहे. दोन हलके तरफदांडे शेजारी शेजारी बसवलेले. एकाच्या टोकाला घड्याळाच्या काचेसारखी लहानशी वाटी. तिला काजळी धरलेली, म्हणजे थेंब तिला चिकटणार नाही. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही तसे. त्या वाटीत थेंब ठेवायचा. दुसऱ्या दांड्याच्या टोकाला एक लहान गोळी. दोन्ही दांडे विद्युतचुंबकांनी धरून ठेवलेले. प्रवाह तोडला की दोन्ही दांडे एकाच क्षणी उडून बाजूला होतात, आणि थेंब व गोळी दोन्ही एकदमच पडू लागतात. थेंब खालच्या भांड्यात पडतो. गोळी निराळ्या जागी पडते आणि तिच्या आघाताने ठिणगी पडण्याची कळ दाबली जाते.

आता यातली युक्ती पाहा. गोळी थोडी वर ठेवली की ती थोडी उशिरा पोहोचणार, म्हणजे ठिणगीही थोडी उशिरा पडणार. हातभर उंचीच्या हिशेबाने गोळी एक मिलीमीटर वर सरकवली, तर ठिणगीला साधारण एक-सहस्रांश सेकंदाचा तिसरा हिस्सा उशीर होतो. जो काळ घड्याळाने मोजता येत नव्हता, तो या माणसाने पट्टीने मोजला! एका उंचीवर दहा वेळा प्रयोग करून पाहायचे, गोळी जराशी वर घ्यायची, पुन्हा दहा वेळा पाहायचे. असे करत करत थेंबाच्या आयुष्यातली एक एक अवस्था उघडी होत गेली.

पहिली अनेक वर्षे यात कॅमेरा नव्हताच. त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचा एवढ्याशा उजेडाला पुरेशा संवेदनशील नव्हत्या. वर्दिंग्टन अंधारात बसत. ठिणगी पडे, चित्र डोळ्यात क्षणभर तरळे, आणि ते विरायच्या आत पेन्सिलीने कागदावर उतरवायचे. पाऱ्याचे थेंब, दुधाचे थेंब, पाण्याचे थेंब. वीस वर्षांच्या आसपास हे चालले होते.

त्यांना काय दिसले? थेंब दुधाच्या पृष्ठभागाला टेकला की प्रथम त्याच्याभोवती एक पातळ भिंत उभी राहते, वाटीच्या काठासारखी. भिंत वर चढते, तिचा काठ जाड होतो आणि त्या काठाला टोके फुटतात. प्रत्येक टोकावर एक एक मणी. अगदी राजाच्या मुकुटासारखा आकार. मणी तुटून उडतात, तेच आपले शिंतोडे. मग मुकुट खाली बसतो, मध्ये खळगा पडतो. खळगा भरताना चारी बाजूंनी आलेला द्रव मधोमध धडकतो आणि तेथून एक खांब सरळ वर उसळतो. खांबाच्या शेंड्यावर पुष्कळदा एक गोल थेंब बसलेला असतो. हा खांब आजही जगभर ‘वर्दिंग्टन जेट’ या नावाने ओळखला जातो.

मुकुटाला टोके का फुटतात, याचे कारण आपल्या मोरीत आहे. नळ अगदी बारीक सोडा. धार वर सलग असते, खाली तिचे थेंब होतात. द्रवाच्या पृष्ठभागाला ताण असतो. तो पृष्ठभाग आकसून लहान होऊ पाहतो, आणि लांबट दोरीपेक्षा गोल मण्यांचा पृष्ठभाग कमी भरतो; म्हणून दोरी तुटून मणी होतात. बेल्जियमचे प्लातो आणि इंग्लंडचे लॉर्ड रॅली यांनी एकोणिसाव्या शतकातच याचे गणित मांडले होते. मुकुटाचा जाडसर काठ ही अशीच एक वर्तुळाकार दोरी. तिला जागोजाग गाठी येऊ लागतात आणि त्या गाठींतून टोके बाहेर पडतात.

येथपर्यंतची गोष्ट चिकाटीची झाली. पण या इतिहासाचे खरे मर्म पुढे आहे, आणि ते केवळ दुधाच्या थेंबापुरते नाही.

१८९४ साली वर्दिंग्टन यांना थेंबाचे छायाचित्र घेण्यात यश आले. ठिणगी अधिक तेजस्वी केली, तिच्यामागे छोटा अंतर्गोल आरसा ठेवला, काचा जास्तीत जास्त संवेदनशील घेतल्या. ठिणगीचा अवधी एका सेकंदाच्या तीन-दशलक्षांशापेक्षाही कमी होता. एवढ्या वेळात आपला तो हातभर उंचीवरचा थेंब मिलीमीटरच्या शंभराव्या भागाइतकासुद्धा सरकत नाही. चित्र स्वच्छ आले. आणि त्या स्वच्छ चित्राने एक धक्का दिला.

पेन्सिलीने काढलेल्या चित्रांतले मुकुट कसे होते? सर्व बाजूंनी सारखे. टोके सारख्या अंतरावर, सारख्या उंचीची, जणू सोनाराने मोजून घडवलेली. छायाचित्रातले मुकुट तसे नव्हते. एक टोक उंच, शेजारचे ठेंगणे. एकीकडे भिंत फाटलेली, दुसरीकडे दोन मणी एकत्र चिकटलेले. नीटनेटका, परिपूर्ण मुकुट सापडेना.

मग वर्दिंग्टन यांनी आपल्या जुन्या वह्या काढून पाहिल्या. तेव्हा आढळले, की वेडेवाकडे आकार त्यांच्या हाताने त्या वेळीही कागदावर उतरले होते. परंतु शेवटचा वृत्तांत लिहिताना ते बाजूला पडत गेले. का? कारण एक वाकडेपणा दुसऱ्यासारखा नसे. थेंब प्रत्येक वेळी नवा. एका ठिणगीत एका थेंबाची एकच अवस्था दिसे, आणि पुढची अवस्था पाहायला दुसरा थेंब टाकावा लागे. शेकडो थेंबांतून एका थेंबाचे चरित्र जुळवायचे होते. जे सर्वांत समान ते खरे, जे एकट्याचे ते अपघात, असे मनाने परस्पर ठरवून टाकले. हळूहळू मनातच एक आदर्श थेंब तयार झाला. पुढे डोळा त्यालाच शोधू लागला आणि हात त्यालाच रेखू लागला.

विशेष हे, की ही गोष्ट वर्दिंग्टन यांनी लपवून ठेवली नाही. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८९४ साली दिलेल्या व्याख्यानात आणि त्यावर निघालेल्या छोट्या पुस्तकात त्यांनी ती स्वतः उघड सांगितली. वीस वर्षांची आपली चित्रे पुढे मांडायची आणि त्यांच्याच शेजारी त्यांना खोटे पाडणारी छायाचित्रेही मांडायची, याला मोठे मन लागते. विज्ञानाचा इतिहास लिहिणारे आजचे अभ्यासकही या प्रसंगाचा आवर्जून उल्लेख करतात. शास्त्रज्ञाने निसर्गाची सुधारून घेतलेली प्रत द्यावी, की जशी दिसली तशी वेडीवाकडी प्रत द्यावी, हा प्रश्न येथे एका थेंबाने विचारला होता.

गुरुजनहो, हा प्रश्न आपल्या वर्गातही येतो. प्रयोगवहीत मुलाने सात मापे घेतली, पाच जुळली, दोन जुळली नाहीत. मूल काय करते? ती दोन खोडून टाकते आणि शेजाऱ्याच्या वहीत पाहून बरोबर उत्तर लिहिते. तुम्ही-आम्ही त्याला दहापैकी दहा गुण देतो. वर्दिंग्टन यांची गोष्ट त्या मुलाला सांगण्यासारखी आहे.

याच कामातून १९०८ साली त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात जवळजवळ दोनशे चित्रे होती. द्रवात पडणाऱ्या गोळ्यांवरचे प्रयोगही त्यात आले. गुळगुळीत आणि कोरडी गोळी पाण्यात शिरते तेव्हा पाण्याचा पातळ पापुद्रा तिच्या अंगाला बिलगून वर चढतो आणि ती मुकाट्याने आत जाते. तीच गोळी खरखरीत केली की पाणी तिच्यापासून दूर फेकले जाते, टोपलीसारखी भिंत उभी राहते आणि गोळीमागे हवेची पोकळी ओढली जाते. वजन तेच, उंची तीच. फरक फक्त अंगाच्या गुळगुळीतपणाचा. १९१६ साली वर्दिंग्टन वारले.

पुढचा अध्याय अमेरिकेतला. हॅरल्ड एजर्टन हे नेब्रास्का या शेतीप्रधान राज्यातल्या लहान गावात वाढलेले विद्युत अभियंते. जन्म १९०३ चा. १९२६ साली ते मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविज्ञान संस्थेत, म्हणजे एमआयटीत, शिकायला आले. अभ्यासाचा विषय होता मोठ्या विजेच्या मोटारी. काम करताना पाऱ्याच्या वाफेच्या नळीतला प्रकाश लुकलुकत असे. त्यांच्या लक्षात आले, की लुकलुकण्याची गती मोटारीच्या फेऱ्यांशी जुळली की फिरती मोटार उभी दिसते. १९३१ च्या सुमारास त्यांनी यातून उत्तम स्ट्रोबोस्कोप तयार केला.

त्यांच्या दिव्याचे तत्त्व समजायला अवघड नाही. विहिरीला पाणी कमी असेल तर आपण काय करतो? पाणी सावकाश उपसून हौदात साठवतो, आणि मग हौदाचे बूच एकदम काढतो. तसेच येथे. वीज कंडेन्सरमध्ये सावकाश साठवायची. पंख्याच्या दुरुस्तीवाल्याकडे आपण ऐकतो तोच हा शब्द. काचेच्या नळीत वायू भरलेला असतो. एरवी तो वीज वाहू देत नाही. त्याला कळीचा एक धक्का दिला की तो वाहक बनतो, आणि साठलेली सारी वीज निमिषार्धात त्यातून धावते. लख्ख उजेड पडतो. हौद मोठा असला तर उजेड पुष्कळ, पण तो ओसरायला वेळ लागतो. हौद लहान असला तर झटका आखूड, पण उजेड बेताचा. या दोहोंचा मेळ घालणे हेच या कलेतले निम्मे काम. ठिणगीपेक्षा यात एक मोठी सोय होती. हा दिवा पुन्हा पुन्हा, सेकंदाला शेकडो-हजारो वेळा लावता येई. त्यामुळे वर्दिंग्टन यांना जे जमले नव्हते ते जमले. एकाच थेंबाचे जन्मापासून शेवटापर्यंतचे चित्रण सलग फिल्मवर घेता आले.

दुधाच्या थेंबाने एजर्टन यांनाही वेड लावले. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी आरंभ केला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला-संग्रहालयाने १९३७ साली छायाचित्रणाच्या इतिहासाचे मोठे प्रदर्शन भरवले, त्यात त्यांच्या थेंबाच्या मुकुटाचे चित्र होते. आज जे रंगीत चित्र पुस्तकांतून दिसते, लाल पार्श्वभूमीवर उमललेला पांढरा मुकुट, ते १९५७ सालचे. म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ हा अभियंता त्याच एका थेंबाच्या मागे होता. नीट निरखून पाहिले तर त्या प्रसिद्ध चित्रातही टोकांची अंतरे तंतोतंत सारखी नाहीत.

या कामात उजेड कोठून पाडावा, यालाही फार महत्त्व आहे. दूध पांढरे आणि अपारदर्शक. उजेड त्यावर पडला की सर्व दिशांना विखुरतो. म्हणून दुधावर बाजूने उजेड पाडला तरी आकार उठून दिसतो, आणि पार्श्वभूमी गडद ठेवली की काम भागते. पाण्याचे तसे नाही. पाणी पारदर्शक. समोरून उजेड पाडला तर दिव्याचा एक चमचमता ठिपका तेवढा दिसतो, बाकी आकार हरवून जातो. पाण्यासाठी उजेड मागून द्यावा लागतो, आणि तोही पांढऱ्या कागदातून किंवा दुधी काचेतून गाळून. मग थेंबाच्या कडा काळ्या रेषेसारख्या उमटतात आणि आकार स्वच्छ कळतो. तोच थेंब, तोच क्षण. पण दिवा हलवला की निराळी गोष्ट दिसते.

आपण म्हणाल, हे सारे पाहून शेतकऱ्याच्या पदरात काय पडले? पुष्कळ पडले. शेतातली माती वाहून जाते ती उतारावरून धावणाऱ्या पाण्याने, असा फार काळ समज होता. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मृद्संधारण खात्यातील एलिसन यांनी दाखवून दिले, की धूप पाणी वाहण्याआधीच सुरू होते. ती सुरू होते थेंब पडण्याच्या क्षणी. पाच मिलीमीटरचा टपोरा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. उघड्या मातीवर तो आदळला की तोच मुकुट उठतो, मात्र दुधाऐवजी चिखलाचा. मातीचे कण दीड मीटरपर्यंत दूर उडू शकतात. उतारावर ते वरच्या बाजूपेक्षा खालच्या बाजूला जास्त जातात. शिवाय ढेकळे फुटतात, बारीक कण जमिनीच्या छिद्रांत बसतात आणि वर पापडी धरते. मग पाणी मुरत नाही, वाहू लागते आणि सुटी झालेली माती आयतीच घेऊन जाते.

एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे शंभर टन पाणी थेंबाथेंबाने आदळले. वळवाच्या सरीनंतर घराच्या भिंतीवर गुडघाभर उंचीपर्यंत तांबडे शिंतोडे आपण दरवर्षी पाहतो. ते शिंतोडे म्हणजे आपल्या अंगणाची उडालेली माती. बांध घालणे जरुरीचे आहेच; तो वाहते पाणी अडवतो. पण थेंबाचा मार बांधाने चुकत नाही. तो चुकतो जमीन झाकल्याने. उसाचे पाचट, पालापाचोळा, किंवा मटकी-हुलग्यासारखे जमिनीवर पसरणारे पीक थेंबाचा मार स्वतःच्या अंगावर घेते. पाचट पेटवून देण्याआधी हा चिखलाचा मुकुट एकदा डोळ्यांपुढे आणावा.

थेंबाचा अभ्यास अजून संपलेला नाही. २००५ साली शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी एक चमत्कारिक गोष्ट दाखवली. कोरड्या, गुळगुळीत काचेवर थेंब पडला की शिंतोडे उडतात. पण भोवतालची हवा उपसून तिचा दाब साधारण एक-षष्ठांशावर आणला, तर तोच थेंब त्याच वेगाने पडूनही शिंतोडा उडत नाही. थेंब नुसता पसरतो. म्हणजे शिंतोडे उडवण्यात हवेचाही हात आहे! सव्वाशे वर्षे थेंबाकडे पाहिले, आणि हवेची बाजू पाहायची राहून गेली होती. १९९० साली एजर्टन वारले. हे पाहायला ते हवे होते.

२०१५ साली त्यांच्याच एमआयटीत पावसाच्या थेंबाचे वेगवान चित्रण झाले. थेंब सच्छिद्र मातीवर पडला की त्याखाली हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात. ते थेंबातून वर येऊन फुटतात आणि अतिसूक्ष्म तुषार हवेत उडवतात. पहिल्या पावसाबरोबर मातीचा जो वास दरवळतो, तो आपल्या नाकापर्यंत पोहोचवण्यात या तुषारांचा वाटा असावा, असे त्या संशोधकांचे मत आहे. रिमझिम पडणारा हलका पाऊस असे तुषार जास्त उडवतो, मुसळधार कमी, असेही त्यांना दिसले.

गुरुजनहो, हे सारे वर्गात दाखवायला आज लेडन जार नको की काळोखी खोली नको. दोन प्रयोग सुचवतो. पहिला अगदी बिनखर्ची. पांढरा कागद जमिनीवर ठेवा आणि शाईचा थेंब वीतभर, हातभर आणि पुरुषभर उंचीवरून टाका. प्रत्येक डागाची टोके मुलांकडून मोजून घ्या. उंचीप्रमाणे डाग कसा बदलतो ते मुलेच सांगतील.

दुसऱ्या प्रयोगासाठी मोबाइल लागेल. आजच्या बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चित्रे घेणारे मंदगती चित्रण असते. काळ्या ताटलीत दुधाचा पातळ थर घ्या, वरून चमच्याने थेंब सोडा आणि चित्रण करा. मात्र हे भर उन्हात करा. घरातल्या दिव्याचा उजेड एवढ्या झटपट चित्राला पुरत नाही, आणि विजेचे पुष्कळ दिवे लुकलुकत असल्याने चित्र कमीजास्त उजळते. पुढे पाण्याचा थेंब काचेच्या भांड्यात टाकून पाहा, आणि भांड्यामागे उन्हात पांढरा कागद उभा करा. दूध आणि पाणी यांना उजेड निरनिराळ्या बाजूंनी का लागतो, हे मुलांना आपोआप उमगेल.

मग मुलांना दिसलेला मुकुट वहीत काढायला सांगा. बहुतेक वह्यांतून सुबक, सारख्या टोकांचे मुकुट येतील. त्यांतला एखादा मुलगा किंवा मुलगी वाकडा, एका बाजूला फाटलेला मुकुट काढून आणील. त्या वहीवर लाल रेघ मारण्यापूर्वी ते चित्रण पुन्हा एकदा लावून पाहा, आणि सर्व वर्गाला पाहू द्या.